भाताच्या राखणीसाठी लांब पल्ल्याचा टॉर्च कसा निवडावा?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सप्टेंबरच्या मध्यापासून भात दुधाळ अवस्थेत येऊ लागते आणि जंगलालगतच्या शिवारात रात्रीची राखण सुरू होते. कर्जत-3, कर्जत-7 यांसारख्या हळव्या जाती आधी भरतात, त्यामुळे रानडुकरांचा पहिला मोर्चा त्यांच्याकडेच वळतो. पुढे गरव्या भाताची कापणी होईपर्यंत आणि त्यानंतर वाल, हरभरा, भुईमूग, काकडी उभी असेपर्यंत राखण चालूच राहते. तानसा अभयारण्यालगतची गावे असोत की डोळखांब, टोकावडे परिसरातील, राखणदाराच्या हातात काठीबरोबर टॉर्च असतोच.

हा टॉर्च बहुतेक वेळा खोक्यावरचा आकडा पाहून घेतला जातो. "2 किलोमीटर पल्ला" असे छापले असेल तर तो चांगला, असा समज आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्याला दोन किलोमीटरवरचे काही पाहायचे नसते. बांधाच्या पलीकडे हलणारे ते डुक्कर आहे, शेजाऱ्याचे वासरू आहे, बिबट्या आहे की माणूस, हे खात्रीने ओळखायचे असते. टॉर्चची निवड या एका गरजेवरून करावी. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. गोंधळ नको म्हणून या लेखात दिव्याला टॉर्च आणि आतल्या बॅटरीला सेल म्हटले आहे.)

आपल्याला किती लांबचे दिसायला हवे?

एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. शेत चौकोनी धरले तर एक बाजू साधारण 64 मीटर येते आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे 90 मीटर. माळा शेताच्या मध्यावर असेल तर कोणताही कोपरा 45 मीटरच्या आत येतो. आपली खाचरे लहान असतात. म्हणून बहुतेकांना 100 मीटरवरचे स्पष्ट दिसले तरी पुरते. टॉर्च घेण्यापूर्वी माळ्यापासून जंगलाच्या बाजूच्या बांधापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून ठेवावे.

ल्युमेन, कँडेला आणि पल्ला

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर बोट दाबले की पाणी तेवढेच राहते, पण लांब जाते. लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये खोल, मोठा परावर्तक किंवा भिंग हेच काम करते. म्हणून जास्त ल्युमेनचा टॉर्च लांब मारा करेलच असे नाही.

प्रमाणित पद्धतीने मोजलेला पल्ला म्हणजे ज्या अंतरावर उजेड 0.25 लक्स उरतो ते अंतर. हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. हिशेब सोपा आहे: कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की पल्ला मीटरमध्ये मिळतो. 10,000 कँडेलाला 200 मीटर आणि 22,500 कँडेलाला 300 मीटर. पल्ला दुप्पट हवा असेल तर तीव्रता चौपट लागते.

चांदण्याइतक्या उजेडात काहीतरी हलतेय एवढेच कळते, प्राणी ओळखू येत नाही. लिहिलेल्या पल्ल्याच्या एक तृतीयांश अंतरावर नऊपट उजेड असतो. म्हणून ओळखण्याचे अंतर म्हणजे लिहिलेल्या पल्ल्याचा तिसरा हिस्सा, असे धरून चालावे. 100 मीटरवर ओळख पटवायची असेल तर 300 मीटर पल्ल्याचा, म्हणजे 20 ते 25 हजार कँडेलाचा प्रामाणिक टॉर्च पुरेसा आहे. खोक्यावर कँडेला लिहिलेलाच नसेल आणि फक्त किलोमीटर छापले असतील तर त्या आकड्यावर विसंबू नये.

डुकराचे डोळे चमकत नाहीत

बिबट्या, कोल्हा, उदमांजर, भेकर, गाय, कुत्रा यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. टॉर्च मारला की त्यांचे डोळे लुकलुकतात ते यामुळे. रानडुकराच्या डोळ्यात असा थर नसतो. "डोळे दिसले नाहीत, म्हणजे शेतात काही नाही" असे समजून राखणदार झोपतो आणि सकाळी खाचर लोळवलेले सापडते.

म्हणून डुक्कर शोधताना डोळे नव्हे, आकार शोधावा. आधी कानोसा घ्यावा. ताटे मोडल्याचा आवाज, फुरफुर, चिखलातली चाल यांवरून दिशा ठरवावी आणि मगच प्रकाश टाकावा. भात कमरेइतके उभे असेल तर जमिनीवरून डुक्कर दिसत नाही. उंच माळ्यावरून खाली पाहिले तर पाठ दिसते.

डोळे चमकले तरी त्यांच्या रंगावरून प्राणी ठरवू नये. कोनानुसार तोच डोळा हिरवट, पिवळसर किंवा तांबूस दिसतो. दोन डोळ्यांतील अंतर, जमिनीपासूनची उंची आणि चाल पाहावी. डोळ्यांची चमक पकडायची असेल तर टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत, कानाजवळ धरावा, कारण परतणारा प्रकाश आला त्याच वाटेने मागे जातो. पावसात किंवा धुक्यात मात्र तो शरीरापासून दूर, कमरेजवळ धरावा, नाहीतर समोरच्या थेंबांचीच पांढरी भिंत दिसते.

एक टॉर्च दोन्ही कामे करत नाही

लांब पल्ल्याचा अरुंद झोत पायाखाली मारला तर ताटलीएवढा लख्ख गोल दिसतो आणि बाजूचा बांध अधिकच काळा होतो. घोणस, मण्यार, फुरसे नेमके तिथेच असतात. त्यामुळे दोन दिवे ठेवावेत:

- चालण्यासाठी: पसरट, मंद प्रकाशाचा डोक्याला बांधायचा दिवा. दोन्ही हात काठीसाठी मोकळे राहतात. सोबत गमबूट घालावेत.
- पाहण्यासाठी: अरुंद झोताचा लांब पल्ल्याचा टॉर्च. हा सतत चालू ठेवू नये. दर 15-20 मिनिटांनी काही सेकंद शिवार फिरवून पाहावे.

डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. माळ्यावर बसताना मोबाइलचा आणि पांढऱ्या दिव्याचा उजेड टाळावा, जवळच्या कामाला मंद लाल दिवा वापरावा. डुकराला लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे नुसते निरीक्षण करायचे असेल तेव्हाही लाल प्रकाश उपयोगी पडतो.

खरेदी करताना पाहावयाच्या बाबी

- सेल: 18650 मापाच्या चांगल्या लिथियम सेलची क्षमता साधारण 2500 ते 3500 मिलीअँपिअर-तास असते. या मापाच्या सेलवर 9900 छापले असेल तर तो आकडा खोटा आहे.
- किती वेळ चालेल: 3000 चा सेल म्हणजे सुमारे 11 वॉट-तास. 10 वॉटच्या दिव्याला तो जेमतेम तासभर पुरतो, 1 वॉटच्या मंद दिव्याला सुमारे दहा तास. मंद प्रकाशाची सोय आणि चार्ज केलेला जादा सेल हवाच.
- शिसे-आम्लाच्या सेलचे टॉर्च: स्वस्त मिळतात, पण उतरलेल्या अवस्थेत ठेवले की सेल मरतो. हंगाम संपल्यावरही अधूनमधून चार्ज करावे.
- पाणी: परतीच्या पावसाचा विचार करता आयपीएक्स 4 ही किमान पातळी समजावी. आयपीएक्स 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकणारा. पुढेमागे सरकणाऱ्या भिंगाच्या टॉर्चमध्ये पाणी लवकर शिरते.
- रंग: निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर (4000 ते 5000 केल्विन) प्रकाशात माती, पेंढा आणि तपकिरी अंग यांतला फरक चांगला कळतो.
- चार्जिंग: फुगलेला सेल वापरू नये. पेंढ्याजवळ किंवा रात्रभर दुर्लक्ष करून चार्जिंगला लावू नये.

शेतातच पारख करा

गोणपाटात पेंढा भरून डुकराएवढे बोचके करावे आणि 50, 75 व 100 मीटरवर ठेवावे. अंधार पडल्यावर माळ्यावरून ते ओळखू येते का पाहावे. टॉर्च अर्धा तास चालवून पुन्हा तसेच पाहावे, कारण बरेच टॉर्च तापल्यावर प्रकाश आपोआप कमी करतात. कृषी सहायकांनी गावातील चार-पाच टॉर्च घेऊन हीच चाचणी गटासमोर केली तर शेतकऱ्यांचा खर्च वाचेल.

प्रकाशाची मर्यादा

टॉर्च हे ओळखण्याचे साधन आहे, हाकलण्याचे नव्हे. नुसत्या प्रकाशाला डुकरे काही दिवसांतच सरावतात. गटाने आळीपाळीने राखण करणे आणि शेजारच्या खाचरांत एकाच कालावधीची जात एकाच वेळी लावणे, यांनी नुकसान अधिक विभागले जाते आणि कमी होते.

बिबट्या दिसल्यास झोत रोखून पाठलाग करू नये आणि पळूही नये. उभे राहून मोठ्याने बोलत, प्रकाश चालू ठेवून सोबत्यांकडे मागे सरावे. वाकून किंवा एकट्याने बसणे टाळावे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार परवानगीशिवाय रानडुकराची शिकार गुन्हा आहे. कुंपणात वीज सोडणे तर माणसांच्या जिवावर बेतते. 2025 च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. अंधारातल्या हालचालीवर विसंबणे किती महाग पडते, हे यावरून लक्षात यावे. टॉर्चचा झोत शेजारच्या राखणदाराच्या डोळ्यांवर किंवा मुरबाड-माळशेज रस्त्यावरील वाहनांवरही जाऊ देऊ नये.

नुकसान झालेच तर खाचर नीट करण्याआधी फोटो काढावेत. पावलांचे ठसे काडेपेटी शेजारी ठेवून टिपावेत आणि 3 दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे अर्ज द्यावा. वन विभागाची मदतवाहिनी 1926 आहे. हा क्रमांक टॉर्चच्या दांड्यावरच चिकटवून ठेवावा, म्हणजे रात्री शोधावा लागणार नाही.