एसी थंडी आणतो तरी कुठून?

भर मे महिन्यात, घरातला एसी जोरात चालू असताना, त्याच्या बाहेरच्या डब्यासमोर कधी उभे राहिलात का? तो डबा गच्चीवर किंवा गॅलरीत जमिनीवर ठेवलेला असेल तरच हा प्रयोग करा. खिडकीतून वाकून मुळीच नाही, आणि त्याच्या जाळीत बोटं किंवा काडी घालायची नाही, कबूल? आता त्या पंख्यासमोर हात धरा. भप्पकन गरम हवा येते. बाहेरच्या उन्हातल्या हवेपेक्षाही गरम!

या गरम हवेत थोडी उष्णता एसीनं वापरलेल्या विजेची आहे. पण बरीचशी उष्णता काही मिनिटांपूर्वी तुमच्या खोलीत होती. भिंतींत, गादीत, पुस्तकांत, अगदी तुमच्या अंगातसुद्धा! एसीनं ती गोळा केली आणि बाहेर नेऊन टाकली. आपण म्हणतो, 'एसी थंड हवा बनवतो.' पण थंडी बनवता येतच नाही, कारण थंडी नावाची वेगळी वस्तूच जगात नाही. असते ती फक्त उष्णता, कुठे जास्त, कुठे कमी. एसी उष्णता इकडून तिकडे नेतो. त्याचं काम एवढंच. पण हे काम भारी अवघड आहे.

का अवघड? पाणी आपणहून फक्त उताराकडे वाहतं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं असेल तर पंप लावावा लागतो. उष्णतेचंही तसंच आहे. ती आपणहून गरमाकडून गाराकडेच जाते. समजा, नागपुरात बाहेर ४५ अंश आहेत आणि खोलीत २६. बाहेरची उष्णता भिंतींतून, काचांमधून आत घुसायला बघणार. अशा वेळी आतली उष्णता उलट बाहेर चढवायची, म्हणजे पंपच हवा. म्हणूनच एसीच्या जातीच्या यंत्रांना उष्णता पंप म्हणतात.

हा पंप चालतो दोन साध्या गोष्टींवर, आणि दोन्ही तुम्हाला घरी अनुभवता येतील. हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब घ्या आणि फुंकर मारा. गार वाटलं ना? द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणानं. दुसरी गोष्ट पाहण्यासाठी सायकलच्या पंपानं भराभर हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. ते चांगलंच तापलेलं असतं. हवा दाबली की तापते, हे त्यामागचं मुख्य कारण.

आता एसीच्या तांब्याच्या नळ्यांमधून वाहणाऱ्या पदार्थाची ओळख करून घेऊ. दुरुस्तीवाले काका त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात. पुस्तकात त्याला शीतक म्हणतात. आजकालच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचं शीतक असतं. पाणी उकळतं १०० अंशांना. आर-३२ उघड्या हवेत किती अंशांना उकळतं, सांगा पाहू? उणे ५२ अंशांना! म्हणजे बर्फसुद्धा त्याच्या दृष्टीनं रणरणता उन्हाळा.

चला, या शीतकाबरोबर एक फेरी मारू. भिंतीवरच्या लांबट डब्यात बारीक बारीक पत्र्यांची एक जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. शीतक तिथे पोहोचतं तेव्हा ते गारेगार असतं, साधारण ५ ते १० अंशांचं. खोलीतली हवा कॉइलवरून जाते, शीतक तिची उष्णता शोषून उकळतं आणि त्याचा वायू होतो. हवा गार होऊन तुमच्याकडे परतते. वायू नळीतून बाहेरच्या डब्यात जातो. तिथे कॉम्प्रेसर बसलेला आहे. तो या वायूला असा काही दाबतो की तो ७०-८० अंशांपर्यंत तापतो. आणि इथेच सगळी गंमत आहे! बाहेर नागपूरचे ४५ अंश असले तरी आता शीतक त्या हवेपेक्षा गरम आहे. मग उष्णता आपल्या स्वभावाप्रमाणे गरमाकडून गाराकडे, म्हणजे शीतकातून बाहेरच्या हवेत निघून जाते. उष्णता सोडता सोडता शीतकाचा पुन्हा द्रव होतो. मग तो एका अगदी अरुंद वाटेतून जातो, दाब एकदम उतरतो, शीतक पुन्हा गारेगार, आणि स्वारी परत खोलीकडे.

मला या यंत्रातलं सगळ्यात आवडतं ते हेच. निसर्गाचा नियम ते कुठेच मोडत नाही. आत शीतक हवेपेक्षा गार ठेवायचं आणि बाहेर हवेपेक्षा गरम, की उष्णता स्वतःहून हवी तिथे चालत जाते.

ही वाट पूर्ण बंद आहे, हेही लक्षात ठेवा. तेच शीतक वर्षानुवर्षं फिरत राहतं, पेट्रोलसारखं जळून संपत नाही. 'एसीतला गॅस संपलाय' असं कुणी म्हटलं, तर खरं म्हणजे तो कुठून तरी गळलाय. आधी गळती शोधून बुजवायला हवी, मग गॅस भरायचा. नुसता गॅस भरला तर तोही गळून जाणार, आणि हवेत गेलेलं आर-३२ पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कित्येकशे पट जोरदार आहे. म्हणून गॅस मोकळ्या हवेत सोडणं फार वाईट.

आता एक कोडं. हीच फेरी उलटी फिरवली तर?

बाहेरच्या डब्यात एक झडप बसवता येते. ती सरकली की शीतकाची वाट बदलते. कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला वायू आधी तुमच्या खोलीतल्या कॉइलमध्ये येतो आणि तिथे उष्णता सोडतो. गार झालेलं शीतक मग बाहेर जाऊन बाहेरच्या हवेतली उष्णता शोषतं. यंत्र तेच, भिंतीवरचा डबाही तोच, पण आता तो खोली तापवतो आहे!

'पण हिवाळ्यात बाहेर गारठा असतो, तिथून उष्णता कशी मिळेल?' हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. शून्य अंश म्हणजे उष्णता शून्य, असं नसतं. उष्णता काढून घेत जाण्याची शेवटची हद्द उणे २७३ अंशांच्या आसपास आहे. तिथून मोजायला लागलं तर ३० अंशांची हवा ३०३ पायऱ्या वर आहे आणि शून्य अंशांची हवा २७३ पायऱ्या वर. फरक जेमतेम दहाव्या हिश्श्याचा! गारठलेल्या हवेतही उष्णता भरपूर आहे, फक्त तिच्याहून गार असं काहीतरी तिच्यासमोर धरायला हवं. आणि उणे ५२ ला उकळणारं शीतक आपल्याकडे आहेच.

उष्णता अशी 'चढवून' घर तापवता येईल, हे लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञानं १८५२ मध्येच मांडलं होतं. आज जपानमध्ये घराघरांत भिंतीवरचे असेच एसी असतात, उन्हाळ्यात गारवा देणारे आणि हिवाळ्यात ऊब देणारे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशांतही उष्णता पंप खूप आहेत. दिल्ली-चंदीगडकडे तुमचे मामा-मावशी राहत असतील तर त्यांना विचारा, तिकडे 'हॉट अँड कोल्ड' एसी विकत मिळतात. साध्या हीटरपेक्षा यांचं वीजबिल बरंच कमी येतं. एक युनिट वीज खाऊन हीटर एक युनिटच उष्णता देतो. उष्णता पंप त्या एका युनिटात, फार कडाक्याची थंडी नसेल तर, तीन-चार युनिटं उष्णता घरात आणतो, कारण त्याला ती बनवायची नसते, फक्त वाहून आणायची असते.

कडक थंडीत कधीकधी बाहेरच्या कॉइलवर हवेतल्या बाष्पाचा बर्फ साचतो. मग यंत्र काही मिनिटं आपणहून उलटं फिरतं, आतला पंखा थांबतो, गरम शीतक बाहेर जाऊन बर्फ वितळवतं आणि बाहेरच्या डब्यातून धुकं निघताना दिसतं. नव्यानं पाहणाऱ्याला वाटतं, आग लागली!

आता रिमोट हातात घ्या. त्यावर हिमकणाचं चित्र असेल तर ते गार करण्यासाठी, सूर्याचं असेल तर तापवण्यासाठी. सूर्य नसेल तर बहुधा तुमचा एसी फक्त गारवाच देतो. पंख्याचं चित्र म्हणजे नुसता वारा. तेव्हा कॉम्प्रेसर चालत नाही. आणि थेंबाचं चित्र? ते हवा कोरडी करण्यासाठी. मुंबई-कोकणात जुलैत हवा फार गरम नसते, पण अंग चिकचिकतं ना, तेव्हा हे कामाला येतं. गार कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि नळीतून टपटप बाहेर पडतं. ते पाणी प्यायचं नाही, पण फरशी पुसायला छान.

हवा कोरडी करणं हे एसीचं दुय्यम काम वाटतं ना? पण आधुनिक एसीचा जन्मच त्यासाठी झाला! १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा. रंगीत चित्रं छापताना एकावर एक रंग नीट बसायचेच नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या २५ वर्षांच्या इंजिनियरनं गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातला दमटपणा काढायची युक्ती आखली. माणसांना गार वाटणं नंतर आलं, आधी कागदाची सोय!

रिमोटचं बटण दाबलं की त्याच्या टोकावरचा छोटा दिवा लुकलुकतो. आपल्याला दिसत नाही, कारण तो प्रकाश अवरक्त असतो. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, पुष्कळ मोबाइलमध्ये जांभळट ठिपका चमकताना दिसतो. आणखी एक मजा. टीव्हीचा रिमोट फक्त 'आवाज एक पायरी वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र बहुधा दर वेळी सगळा निरोप पुन्हा पाठवतो: चालू, गार, २५ अंश, पंखा मध्यम. म्हणून एसीकडे पाठ करून बटण दाबलं तर रिमोटवर एक आकडा आणि एसीच्या मनात दुसराच! एसीकडे तोंड करून पुन्हा एकदा दाबलं की दोघांचं जमतं.

खेळून आल्यावर पटकन गार व्हावं म्हणून १६ आकडा लावणारे पुष्कळ असतात. पण १६ म्हणजे 'जोरात चाल' नव्हे. '१६ होईपर्यंत थांबू नकोस' एवढाच त्याचा अर्थ. तापलेली खोली २५ ला यायला १६ लावूनही जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि पुढे वीज उगाच जळते. भारतात १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असावेत असा नियम झाला. तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ लावून वरचा पंखा हळू फिरवा, झोप मस्त लागते.

हवेच्या पट्ट्याही बघून ठेवा. गार हवा जड, ती खाली उतरते, म्हणून गारव्यासाठी पट्ट्या आडव्या ठेवायच्या. गरम हवा हलकी, वर पळते, म्हणून ऊब हवी असेल तेव्हा पट्ट्या खाली वळवायच्या. एसी बंद करून लगेच चालू केला तर तो तीनेक मिनिटं नुसता वारा देतो. बिघडलेला नसतो तो! नळ्यांमधला दाब सारखा व्हायची वाट बघतो, कारण दाबाविरुद्ध एकदम सुरू होणं कॉम्प्रेसरला जड जातं.

फिल्टर धुणं हे काम मात्र मोठ्यांच्या मदतीनं तुम्हीच अंगावर घ्या. आधी एसीचा स्विच बंद, मग समोरचं झाकण उचलायचं, जाळीदार फिल्टर काढून नळाखाली धरायचा आणि सावलीत वाळवायचा. फिल्टर धुळीनं भरला की हवा पुरेशी पोहोचत नाही, कॉइलवर चक्क बर्फ धरतो आणि खोली गार व्हायच्या ऐवजी एसीच गोठतो.

शेवटी एसीवरचं लेबल वाचू. '१.५ टन' असं लिहिलेलं असतं. दोन मोठी माणसं सहज उचलतात त्या डब्यांना टन कसले? हे टन आहेत बर्फाचे! कॉम्प्रेसर येण्यापूर्वी गारवा म्हणजे बर्फच होता. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तो जहाजानं जगभर विकायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं. चार महिन्यांनी ते कोलकात्याला लागलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबईला आणि मद्रासलाही यायचा. मद्रासचं बर्फघर चेन्नईच्या किनाऱ्यावर आजही उभं आहे. पुढे गारवा देणारी यंत्रं आली, तेव्हा त्यांची ताकद बर्फाच्याच हिशेबात मोजली गेली: एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता २४ तासांत उपसणारं यंत्र एक टनाचं. हा अमेरिकी टन ९०७ किलोचा. म्हणजे १.५ टनाचा एसी पूर्ण ताकदीनं २४ तास चालला तर सुमारे १,३६० किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता तो खोलीतून बाहेर नेईल. तुमच्या घरच्या, शाळेच्या किंवा बँकेतल्या एसीवर किती टन लिहिलंय ते बघा, त्याला ९०७ नं गुणा आणि तो एसी किती बर्फाच्या तोडीचा आहे ते काढा.