चांदी, सरस आणि सही

एका निगेटिव्हवरून छायाचित्राच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, पण सही त्यातल्या एकाच प्रतीवर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या हाताने सही केलेलं छायाचित्र एखाद्या घरात असेल, तर तशी दुसरी वस्तू जगात नाही. आणि रसायनशास्त्र सांगतं की त्या वस्तूतला सर्वांत नाजूक भाग बहुतेक वेळा ती सहीच असते.

छत्रपती संभाजीनगरात हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. आजचं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय ते हेच. त्याच्या उभारणीत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातलं, त्यासाठी ते इथे येऊन राहत. त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांच्या, शिक्षकांच्या, कार्यकर्त्यांच्या घरांतले जुने फोटो आणि कागद म्हणूनच मोलाचे आहेत.

त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रातला काळा रंग म्हणजे खरीखुरी चांदी असते. कागदावर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेल्या शुद्ध सरसाचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये धातुरूप चांदी होते. उरलेले कण हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून काढतो. मग प्रत वाहत्या पाण्यात भरपूर धुवावी लागते. घाईत कमी धुतलेल्या प्रतीत हायपोचा अंश राहतो, त्यातलं गंधक हळूहळू चांदीला धरतं आणि चित्र पिवळट तपकिरी होत जातं. ऐंशी वर्षांपूर्वी स्टुडिओत पाच मिनिटं वाचवली गेली, तर त्याचा डाग आज दिसतो.

दुसरा शत्रू हवेतला ओलावा. मराठवाड्यात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत दमट होते. जिलेटिन दरवर्षी आक्रसतं, फुगतं आणि शेवटी तडकतं. दमट हवेत चांदीचे आयन सुटून पृष्ठभागाकडे सरकतात. कोटाच्या, केसांच्या काळ्या भागावर, विशेषतः कडेला, निळसर आरशासारखी झाक दिसते ती त्यामुळेच. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी येते, कारण सरस हे तिचं खाद्य आहे. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवरच राहतो. भिंतीला नवा ऑइलपेंट दिला असेल तर फोटो काही आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवावा. वाळणाऱ्या तेलरंगातून निघणारी पेरॉक्साइडं चांदीवर हल्ला करतात.

आता सही. शाई चांदीच्या थराच्या वर बसते, तिला कोणतंच संरक्षण नसतं. त्या काळच्या ब्लू-ब्लॅक शाईत लोहक्षार आणि टॅनिन असत. अशी शाई हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडते आणि पुष्कळ टिकते, फार जुनी झाली की तपकिरी दिसते. धुता येणाऱ्या निळ्या शाईत मात्र नुसता रंग असतो आणि उजेडाने त्याचे रेणू तुटतात. हे नुकसान साठत जातं, अंधारात ठेवल्याने भरून येत नाही. संग्रहालयं अशा वस्तूवर सुमारे ५० लक्स इतकाच प्रकाश पडू देतात. खिडकीतून थेट ऊन पडलं तर ५०,००० लक्स सहज होतात. म्हणजे उन्हातला एक तास संग्रहालयातल्या हजार तासांएवढा.

सही खरी की छापील, हेही विज्ञानाला बरंच सांगता येतं. थोरांची सही घेण्याची तेव्हा मोठी ओढ होती. गांधीजी तर सहीचे पाच रुपये हरिजन फंडासाठी घेत. त्यामुळे सहीसकट छापलेली चित्रंही पुष्कळ निघाली. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं चित्र. ठिपके नाहीत, पण सहीची रेघ चित्राच्याच थरात आहे, तिला शाईची वेगळी चमक नाही, तर तो सही केलेल्या फोटोचा फोटो. खऱ्या सहीत पेनाचा दाब कमी-जास्त होतो, तिरप्या उजेडात निबाची चर दिसू शकते. कागदही साक्ष देतो. फोटोच्या कागदात शुभ्रता आणणारी चकाकी द्रव्यं १९५० च्या दशकात आली. १९४० च्या दशकात सही घेतली असं सांगितलेला कागद अतिनील दिव्याखाली लख्ख निळा उजळला, तर शंका घ्यावीच. प्लॅस्टिकचा लेप असलेला फोटो-कागद तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाजारात आला. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं, तेव्हा त्या कागदावर त्यांची सही असणं अशक्य.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पूजेच्या भिंतीवर मूळ प्रत असू नये. ताज्या हाराचा ओलावा, अगरबत्तीचा धूर, समईची धग, ओल्या फडक्याने पुसणं, हे सगळं श्रद्धेनेच होतं, आणि त्यानेच सही पुसट होते. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण तापवून चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुरक्षितपणे काढता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर ओलावा काय करतो याची काळजी वाहणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा याच शहरातून काम करत आली आहे. दोन हजार वर्षांच्या चित्रांची जी काळजी आपण घेतो, ती ऐंशी वर्षांच्या चित्राच्याही वाट्याला यावी.

तेव्हा फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असू शकते. चांगली प्रत काढून ती भिंतीवर लावा, तिलाच हार घाला. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, घराच्या आतल्या भिंतीजवळच्या कपाटात आडवा ठेवा. पोटमाळ्यावर नको, स्वयंपाकघराजवळ नको. आणि सही कुणी, कधी, कुठे घेतली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. उत्तर पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवा, फोटो आत घालण्याआधी.