अंगवळणी

दादरच्या एका खानावळीमागच्या बोळात, रात्री दीड वाजून गेल्यावर, सक्शनची गाडी आली. बोळ इतका चिंचोळा की गाडी रस्त्यावरच थांबली आणि तिचा पाईप आत न्यावा लागला: भांडी घासायच्या मोरीवरून, रिकाम्या क्रेटच्या कडेकडेनं. गाडीवरच्या पोराचा कामावरचा नववा दिवस होता. मला वाटलं होतं, तो वासाबद्दल तक्रार करेल. तो बोलला ते खांद्याबद्दल.

उपसायचं असतं ते ग्रीस ट्रॅपमधलं. खानावळीच्या मोरीचं पाणी थेट गटारात गेलं, तर त्यातलं तेल-तूप आतून नळाला थापलं जातं. म्हणून मधे एक बंदिस्त हौद ठेवतात. पाणी त्यात शिरलं की आतल्या आडपडद्यांपाशी थबकतं, निवतं. तेल वर येतं, भाताची शितं आणि डाळीचा गाळ तळाशी बसतो, आणि मधलं पाणी पडद्याखालून पुढे सरकतं. ना वीज, ना फिरणारं एखादं चाक. कॅलिफोर्नियातल्या नॅथॅनियल व्हायटिंगनं 1884 मध्ये याचं पेटंट घेतलं. तत्त्व मात्र दुधावर साय धरताना पाहिलेल्या कुणालाही समजावं. ही साय आणि गाळ मिळून खोलीचा चौथा हिस्सा झाला की उपसा करायचा, असा ढोबळ नियम आहे. तो न पाळल्याचं फळ लंडननं 2017 मध्ये पाहिलं. व्हाइटचॅपलखालच्या गटारात चरबीचा आणि वेट वाइप्सचा 250 मीटर लांब, सुमारे 130 टनांचा गोळा सापडला, आणि त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात मांडला गेला. आपल्याकडे असा गोळा निघाला तर कुणी काचेच्या पेटीत ठेवणार नाही, आणि काढणाऱ्याचं नाव तर विचारणारच नाही.

आता खांद्याकडे येऊ. तीन इंची पाईपचा सहा मीटरचा तुकडा भरला की आत 27 लिटर माल मावतो, म्हणजे जवळपास तेवढेच किलो. पाईपचं वजन वेगळंच. सगळं अनुकूल असताना, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून माणसानं 23 किलोपर्यंतच उचलावं, असं अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था सांगते. इथे तर वाकून उचलायचं, वळून टाकायचं, आणि पायाखाली लादी तुपकट. असे पाच तुकडे जोडले की गाडीपासून हौदापर्यंतचे 30 मीटर होतात. नवा माणूस ते जोरावर ओढायला बघतो. आठ दिवसांत त्याच्या मुठी वळेनाशा होतात, आणि बुटांत घाम साचून घोटे सोलतात ते वेगळंच.

जुना हेल्पर कमी दमतो. याचं कारण त्याचं बळ नव्हे. हवा कुठे कामाला लावायची ते त्याला कळलेलं असतं. गाडीचा पंप मालाला हातही लावत नाही. तो टाकीतली हवा काढून टाकतो. माल वर ढकलते ती बाहेरची हवा. म्हणूनच पंप कितीही दणकट असला तरी साध्या पाण्याचा अखंड स्तंभ तो सव्वादहा मीटरच्या वर चढवू शकत नाही, आणि प्रत्यक्षात तर त्याहून बराच आधी हात टेकतो. नवखा पाईपचं तोंड खोल बुडवतो. पाईप काठोकाठ भरतो, जड होतो, तुंबतो. जाणता तोंड निम्मं आत, निम्मं वर ठेवतो. मग घशात चहाचा भुरका अडकावा तसा आवाज येत राहतो, हवा आणि माल मिळून वर चढतात आणि पाईप हलका राहतो. शेवटी तोंड वर काढून पंप तसाच थोडा वेळ चालू ठेवायचा. पोटातलं सगळं ओढलं गेलं की रिकामा पाईप खांद्यावर टाकून चालता येतं. एवढी गोष्ट कळायला पोराला नऊ रात्री लागल्या होत्या. पाईपच्या तोंडावर तळहात न नेण्याची गोष्ट मात्र पहिल्याच रात्री शिकवतात, कारण पूर्ण ओढीला तिथे 35 किलोच्या आसपास जोर असतो.

थंडीत काम वेगळंच होतं. खोबरेल 24 अंशांखाली बाटलीत गोठतं, हे घरोघरी माहीत आहे. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री हौदातल्या वनस्पती तुपाच्या थराचं तेच होतं. आधी तो दांड्यानं फोडायचा, कडा खरवडायच्या, मग ओढायचा. वास शिळ्या, खवट तुपाचा, दहापट.

उकाडा अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं, असं तीच अमेरिकी संस्था सांगते. गाडीवर दोनच माणसं असताना हे कोण पाळणार? आणि गावी महिनाभर राहून आलं की ही कमाई बहुतेक गेलेली असते. स्नायू काही आठवड्यांत घडतात, स्नायुबंध त्याहून सावकाश. दुखणी बहुतेक या मधल्या काळात येतात, जेव्हा अंगाला वाटतं की जमलं. रात्रपाळी तर बहुतेकांच्या अंगाला कधीच पुरती मानवत नाही.

आणि एक सवय अशी आहे की ती लागूच नये. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठून राहतो आणि गाळ ढवळला की सुटतो. अगदी अंशमात्र असला तरी सडक्या अंड्यासारखा झोंबतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो 100 भाग झाला की काही मिनिटांत नाक मरतं. वास गेला असं वाटतं; गेलेलं असतं नाक. हौदात उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. गटार आणि सेप्टिक टाकीत माणसाला साधनांवाचून उतरवण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये 10 लाख ठरवली, 2023 मध्ये 30 लाख. उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो, हे मात्र कोणत्याही निकालानं बदललेलं नाही.

त्या रात्री उपसा संपत आला, तेव्हा झाकणाशी वाकलेला पोरगा मान वर करून हसला. "काका, सवय झाली बघा. आता वासच येत नाही."

काकांनी, म्हणजे गाडीवरच्या जुन्या माणसानं, पंप चालू ठेवूनच त्याची कॉलर धरली आणि त्याला बोळाच्या तोंडापर्यंत, रस्त्यावरच्या वाऱ्यात आणून उभं केलं. "इथं थांब," म्हणाले. "वास आला की सांग."

तीन-चार मिनिटं गेली असतील. पोरानं नाक मुरडलं.

काका परत आत गेले, आणि हौद पुन्हा काम करायला लागावा म्हणून त्यात स्वच्छ पाण्याचा नळ सोडला.