शनिवार-रविवारचा हवामान अंदाज कसा वाचावा : ऑक्टोबरमधील रायपूरचे उदाहरण

पुढील ७२ तासांपर्यंतच्या अंदाजाला अल्प मुदतीचा हवामान अंदाज म्हणतात. छत्तीसगडसाठी तो भारतीय हवामान विभागाचे रायपूर येथील केंद्र देते. हे केंद्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत येते. विदर्भ आणि मध्य प्रदेशही त्याच केंद्राकडे आहेत.

ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस माघारी फिरतो, वायव्येकडून कोरडी हवा येऊ लागते आणि रायपूरचा अंदाज बरेचदा ‘हवामान कोरडे राहील’ एवढ्यावर संपतो. याला मोठा अपवाद बंगालच्या उपसागराचा. या काळात समुद्राचे पाणी पुरेसे उबदार असते आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ठरतो. जमिनीवर आल्यावर वादळाचा बाष्पपुरवठा तुटतो आणि घर्षणाने वारे मंदावतात. पाऊस मात्र शेकडो किलोमीटर आत जातो.

२०१४ चे ‘हुदहुद’ पाहा. ८ ऑक्टोबरला अंदमानाजवळ त्याचे चक्रीवादळ झाले. १० तारखेपर्यंत ते अतितीव्र बनले आणि १२ तारखेला, रविवारी दुपारी, विशाखापट्टणमला धडकले. तेथून रायपूर सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून थोडे अधिक. १३ तारखेला पहाटे वादळाची तीव्रता अतितीव्र न्यूनदाबापर्यंत उतरली होती. तरी ती प्रणाली छत्तीसगडवरून उत्तरेकडे सरकली आणि १४ तारखेला संध्याकाळी पूर्व उत्तर प्रदेशात कमी दाबाचे क्षेत्र म्हणून उरली. तिच्याच बाष्पामुळे नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ झाले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून ऑक्टोबरमध्ये रायपूरचा रविवार कसा जाईल हे पाहायचे तर गुरुवारीच बंगालच्या उपसागराच्या नकाशाकडे बघावे लागते.

आता अंदाजाची भाषा. ती ऐकायला मोघम वाटते, पण तिच्यातील शब्दांना आकडे बांधलेले आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘जोरदार’ पाऊस २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मोजतात, ‘अति जोरदार’ ११५.६ पासून. ६४.५ मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात, त्यामुळे रविवारी दुपारी पडलेला पाऊस सोमवारच्या आकड्यात दिसतो. इशाऱ्याच्या रंगाबद्दलही गैरसमज आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग केवळ मिलिमीटर सांगत नाहीत. घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम, दोन्ही धरून रंग ठरतो.

हे सगळे कोणाला लागते? भाताच्या शेतकऱ्याला. लवकर येणारे धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येते. कापलेले धान काही दिवस शेतातच वाळत पडते. त्याला छत्तीसगढीत ‘करपा’ म्हणतात आणि भंडारा-गोंदियाकडे ‘कडपा’. (इतर मराठी मुलखात करपा म्हणजे भातावरचा रोग, तेव्हा गोंधळ नको.) कडपा भिजली तर दाण्याला कोंब फुटतात, दाणा काळवंडतो आणि भाव पडतो. उभे पीक वाऱ्याने आडवे होते, पण शेतातले पाणी लवकर काढले तर त्यातले बरेच हाती लागते. गुरुवारचा प्रश्न असा असतो : कापायचे की थांबायचे?

‘बहुतांश ठिकाणी पाऊस’ असेल तर विचार करण्यासारखे फारसे नाही. विळा ठेवावा आणि कापलेले उचलून बांधावर किंवा खळ्यावर न्यावे. कठीण असतो तो ‘तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता’ हा अंदाज. नुसती ‘शक्यता’ म्हणजे २५ ते ५० टक्के. विभागात असा पाऊस होण्याची शक्यता जास्तीत जास्त निम्मी आणि झाला तर तो जास्तीत जास्त चौथाई भागावर. दोन्हींचा गुणाकार करता, एखाद्या ठरावीक गावाच्या वाट्याला तो येण्याची शक्यता ढोबळमानाने आठात एक, किंवा त्याहून कमी. पण हा आकडा एकटा निर्णय देत नाही. चार दिवस थांबण्याचा खर्च, म्हणजे मजूर हातचे जाणे आणि दाणे गळणे, भिजून होणाऱ्या नुकसानीच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर थांबणे फायद्याचे. जास्त असेल तर त्याच अंदाजावर कापणी करणे योग्य. ज्याचे मजूर घरचेच आहेत तो थांबेल. ज्याने कापणीचे यंत्र शनिवारसाठी भाड्याने ठरवले आहे, तो कदाचित थांबणार नाही. अंदाज दोघांनाही एकच मिळालेला असतो.