गुहेच्या तोंडाशी पाऊस नाही, पण वर डोंगरावर?

अकोले : जुलै-ऑगस्टात शनिवार-रविवार आला की भंडारदरा, रतनवाडी, पाचनईकडे पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरू होतात. गावातली पोरं वाटाड्या म्हणून पुढे होतात, घरोघरी पिठलं-भाकरीची ऑर्डर असते, चार पैसे मिळतात. आणि पाहुण्यांचा एक हट्ट ठरलेला असतो. "दादा, गुहा दाखवा की. पाच मिनिटं आत जाऊन लगेच बाहेर." पाऊस नेमका तेव्हाच थांबलेला असतो, ऊन पडेल असं वाटत असतं. अशा वेळी हो म्हणायचं की नाही?

बहुतेक जण गुहेच्या तोंडाशी उभे राहून आभाळ बघतात आणि ठरवतात. चूक तिथंच होते. गुहेत किंवा गुहेच्या वाटेवर येणारं पाणी तोंडाशी पडत नाही. ते वरच्या पठारावर, मागच्या डोंगरावर पडतं आणि खाली यायला वेळ घेतं. कधी दहा मिनिटं, कधी काही तास. खाली ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो.

याचं जगाने पाहिलेलं उदाहरण थायलंडचं आहे. २३ जून २०१८ रोजी चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक शिरले. सराव संपवून थोडा वेळ आत फिरून यायचं, एवढाच बेत. मागे पाऊस आला, पाण्याने वाट बंद झाली आणि ते आत आत सरकत गेले. नऊ दिवसांनी, २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत एका उंचवट्यावर सापडले. सगळे बाहेर यायला १० जुलै उजाडला. मुलं वाचली, पण त्यांच्यासाठी प्राणवायूच्या टाक्या पोचवणारा थायलंडचा एक माजी नौदल जवान त्यात गेला.

त्या गुहेच्या तोंडाशी सूचनेचा फलक होता. जुलै ते नोव्हेंबर आत पाणी भरतं, जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. मुलं गेली जूनमध्ये, म्हणजे फलकाप्रमाणे चूक काहीच नव्हती! पावसाने फलक वाचलेला नव्हता, एवढंच. आपल्याकडेही "अजून बंदी लागलेली नाही" एवढ्यावर आत जाणारे खूप आहेत.

त्या बचावात महाराष्ट्राचाही हात होता. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत ज्यांचा मोठा कारखाना आहे, त्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला तिथे गेले होते. उपसलेलं पाणी खालच्या भातखाचरांत सोडावं लागलं, लावणी वाया गेली. भात लावणाऱ्याला ते काय असतं हे सांगायला नको. तरी तिथल्या काही शेतकऱ्यांनी भरपाई घेतली नाही, मुलं बाहेर येऊ देत म्हणाले.

आपल्याकडच्या गुहा वेगळ्या

थाम लुआंग चुनखडीच्या डोंगरात आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यामुळे आत किलोमीटरच्या किलोमीटर बोगदे तयार होतात. छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळची कुटुमसर गुहा त्याच जातीची, म्हणून ती पावसाळ्यात बंदच ठेवतात. सह्याद्री काळ्या पाषाणाचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. इथे कोरलेली लेणी आहेत, कपारी आहेत, घळी आहेत, पाण्याची टाकी आहेत. आत खोलवर अडकण्याचा धोका त्यामुळे कमी. पण दोन धोके इथलेच आहेत. एक म्हणजे परतीची वाट तुटणं, दुसरा म्हणजे माथ्यावरून दरड सुटणं.

हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा बघा. मोठं शिवलिंग, चारपैकी एकच खांब उभा, भोवती कंबरेइतकं थंडगार पाणी. फोटो सगळ्यांना तिथेच हवा असतो. पण भर पावसात गुहेच्या वाटेवरून ओढा इतक्या जोरात वाहतो की तिथवर पोचताच येत नाही. पाणी कमी असताना पलीकडे गेलेला माणूस पाणी वाढल्यावर पलीकडेच राहतो. गुहा धोक्याची नसते, मधला ओढा धोक्याचा असतो.

आता पाण्याचा हिशेब. घाटघरला किती मिलिमीटर झाला, रतनवाडीला किती, हे आकडे पावसाळ्यात रोज मोबाईलवर येतात. धरण किती भरलं ते बघायला लोक ते वाचतात. पण एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. गडाचा माथा म्हणजे असे किती एकर, आणि तोही कातळ. जूनमध्ये कोरडी माती थोडं तरी पाणी पिते. जुलैच्या मध्यावर ती तुडुंब झालेली असते, मग पडेल ते सगळं ओढ्याला. म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस आजच्या पावसाइतकाच बघावा लागतो. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार धरतं. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर पुढचा विचारच करायचं कारण नाही.

अलर्ट नसला तरी जागेवर बघायच्या खुणा आहेत, आणि त्या गावातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा लवकर कळतात. भिंतीवर, छताच्या खाचेत पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिक अडकलेलं दिसलं की समजायचं, पाणी तिथवर येऊन गेलंय. ती रेघ डोक्याच्या वर असेल तर परत फिरायचं. ओढ्याच्या कडेला पाण्याला टेकून एक दगड ठेवायचा आणि बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ थांबायचं. दगड बुडाला तर पाणी चढतंय. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर एवढंही थांबायचं नाही, उंचावर सरायचं. उलट, वाहतं पाणी पाऊस चालू असताना एकाएकी कमी झालं तर तीही चांगली खूण नाही. वर दरड किंवा झाड आडवं पडून पाणी तुंबलेलं असू शकतं.

पाणी किती पटकन वाढतं हे लोणावळ्यात दिसलंय. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब खडकावर उभं होतं. बघता बघता लोंढा वाढला, कडेला यायला वाट उरली नाही. त्यात पाच जण गेले, त्यातली चार मुलं.

दरडीचं लक्षण पायाखाली शोधायचं. कपारीच्या तोंडाशी ताजे फुटलेले दगड, शेवाळ न चढलेले, कडा धारदार, म्हणजे ते याच पावसात पडलेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल, मऊ थर असतो. तो पाण्याने सैल होतो आणि वरचा कठीण खडक आधार सोडतो. त्या थरातून लाल गाळ ठिबकत असेल तर त्याच्याखाली उभं राहून डबा उघडू नये. पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस दगड सुटत राहतात. विजा चमकत असताना उथळ कपारीत आडोसा घेणंही चांगलं नाही, वीज खडकावरून उतरून तोंडाशी उभ्या माणसापर्यंत येऊ शकते. आणि अरुंद तोंडाची, आत पाला कुजलेली टाकी किंवा भुयारं असतील तर जुन्या विहिरीसारखी हवा खराब असू शकते. तिथे पावसाळा काय, उन्हाळा काय, उतरायचंच नाही.

नाही म्हणायचं, पण पैशाचं काय?

खरी अडचण इथे आहे. खुणा वाटाड्याला कळतात, पण गुहा दाखवली नाही तर पाहुणे पैसे कापतील ही भीती असते. त्यावर उपाय सोपा आहे: पैसे दिवसाचे ठरवायचे, गुहेचे नाही. "वाट दाखवीन, गुहेत न्यायचं की नाही ते पाणी बघून मी ठरवीन," हे गाडीतून उतरल्या उतरल्या, निघण्याआधी सांगायचं. गुहेच्या तोंडाशी सांगितलं तर वाद होतो. गावातल्या सगळ्या वाटाड्यांनी एकच बोली ठेवली तर एकाने नाही म्हटलेलं गिऱ्हाईक दुसरा घेऊन जाणार नाही.

तरीही कोणी पलीकडे अडकलंच, तर ओढा ओलांडायची घाई करू नये. गुडघ्याच्या वर जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसालाही पाडतं. कमरेला दोर बांधून तर मुळीच उतरू नये. पाय घसरला की दोर ताणला जातो आणि माणूस पाण्याखाली दाबला जातो. डोंगरातले ओढे चढतात तसेच पाऊस ओसरला की काही तासांत उतरतात. तोवर कोरड्या, उंच जागी, दरडीपासून लांब बसून राहायचं. बॅटऱ्या एकेक करून वापरायच्या, सगळ्यांनी एकदम नाही. थाम लुआंगची मुलं नऊ दिवस भिंतीवरून ठिबकणारं पाणी पिऊन, फार हालचाल न करता राहिली होती.

गडावर सगळीकडे रेंज नसते. रेंज येणारी शेवटची जागा कोणती, ते वाटाड्याने पाहुण्यांना दाखवून ठेवावं, ११२ तिथूनच लागेल. निघताना गावात एका घरी सांगून जावं : माणसं किती, वाट कोणती, किती वाजेपर्यंत परत. ती वेळ टळून गेली तर त्या घरच्यांनी अंधार पडायची वाट न बघता पोलीस पाटलांना कळवावं.