मुकुटबनचा वायू, दिल्लीचे नियम

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन. शुद्ध चुनखडी भाजली की वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. भट्टीचे इंधन बदलून हा वायू टळत नाही. तो पकडून भूगर्भात साठवणे हा एक मोठा उपाय उरतो. साठ्याची पुढच्या शेकडो वर्षांची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून घेतले पाहिजे.

भूगर्भाविषयीचे दिल्लीचे नियम शोधताना तेलक्षेत्रांचा १९४८ चा कायदा समोर येतो; तो २०२५ मध्ये सुधारला. त्याखाली तेलाचे भाडेपट्टे एकत्र करणे, उत्पादन-प्रक्रियेच्या सुविधा पट्टेधारकांनी वाटून वापरणे, उत्सर्जन घटवणे यांचे नियम केंद्र करू शकते. कोळशाच्या थरातला मिथेनही या कायद्यात येतो. कोळसा मात्र त्याबाहेर.