संकेतस्थळाच्या किल्ल्या

सार्वजनिक संस्थांच्या मालमत्तेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. इमारत, ग्रंथसंग्रह, बँकेतील ठेव आणि सभासदांची वही यांच्या जोडीला आता संस्थेचे संकेतस्थळ आले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी समाजात या वस्तूचे मोल विशेष आहे. इंदूरचे एखादे वाचनालय, बडोद्याचे एखादे मंडळ, बेळगावची एखादी शाळा किंवा गोव्यातील एखादी पॅरिश घेतली, तर तिचे जुने विद्यार्थी व सभासद दूरदेशी पांगलेले असतात. त्यांना संस्थेच्या वास्तूचे दार दिसत नाही, संकेतस्थळाचे दिसते. वार्षिक अहवाल, प्रवेशाच्या सूचना, देणगीची आवाहने आणि जुन्या स्मरणिकांची पाने ही सारी तेथेच ठेवलेली असतात.

परंतु या मालमत्तेची कागदपत्रे कोणाच्या नावे आहेत, असे विचारले असता पुष्कळ कार्यकारिणींस उत्तर देता येत नाही. इमारतीचे खरेदीखत कपाटात असते, ठेवीची पावती कोषाध्यक्षांजवळ असते. संकेतस्थळाचे खाते मात्र ज्या उत्साही तरुणाने ते प्रथम उभारले, त्याच्या खाजगी ईमेलवर उघडलेले असते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो, त्याचा जुना ईमेल बंद पडतो, नूतनीकरणाच्या सूचना कोणीही न वाचता साचत राहतात, आणि एके दिवशी संकेतस्थळ दिसेनासे होते. यात कोणाची लबाडी नसते; केवळ व्यवस्थेचा अभाव असतो. ही व्यवस्था समजण्यास संगणकशास्त्रातील पांडित्य लागत नाही. ज्यास संस्थेचा हिशेब कळतो, त्यास हेही कळण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करावयास हव्यात. पहिली म्हणजे नाव, ज्यास डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा, अर्थात जेथे संकेतस्थळाची पाने ठेवलेली असतात तो सर्व्हर. ही जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग म्हणतात. तिसरी म्हणजे टपाल, म्हणजे त्या नावाने येणारा व जाणारा ईमेल. तिन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात, आणि म्हणूनच ती एकच वस्तू आहे असा समज होतो. वस्तुतः हे तीन स्वतंत्र व्यवहार असून तिघांच्या मुदती, तिघांचे धोके आणि तिघांची काळजी निरनिराळी आहे.

नावाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संगणक एकमेकांस आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात; माणसाला आकडे स्मरत नाहीत, नाव स्मरते. आरंभीच्या अर्पानेट या जाळ्यावर सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत लिहिलेले असत, आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ही एकखांबी व्यवस्था अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी नवी पद्धती मांडली. तीनुसार प्रत्येक शेवटाचे, म्हणजे ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’ किंवा ‘.इन’ यांचे, दप्तर वेगळे असते. भारताच्या ‘.इन’ या शेवटाचे दप्तर ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते. २०१४ साली ‘.भारत’ हा देवनागरी शेवटही सुरू झाला असून मराठी व कोकणी या भाषांतील नावे त्यात नोंदविता येतात.

येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, डोमेन कोणासही कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते. ‘.कॉम’चे नाव एका वेळी अधिकांत अधिक १० वर्षांपुरते घेता येते. मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी काही दिवसांची सवलत देते. त्यानंतर ३० दिवस ते नाव जबर शुल्क भरून सोडविता येते. मग ५ दिवस ते कोणाच्याच हाती नसते, आणि त्यानंतर जो प्रथम मागेल त्याचे होते. काही कंपन्या तर सवलतीच्या काळातच अशा नावांचा लिलाव पुकारतात. मोठ्यांच्या घरीही हे घडलेले आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट.कॉम’ या नावाचे ३५ डॉलरचे शुल्क भरावयाचे राहून गेले. त्यामुळे हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना आपली पत्रे उघडता येईनात. नाताळच्या दिवशी एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या कार्डाने ते पैसे भरले, तेव्हा कारभार सुरळीत झाला. लहान संस्थेच्या वाट्यास असा सज्जन येईलच, असा भरवसा कोणी धरू नये.

नाव गमावण्याने केवळ पाने दिसेनाशी होत नाहीत, तर टपालही जाते. नवा धनी त्या नावावर पत्रपेटी उघडू शकतो, आणि संस्थेला म्हणून पाठविलेली पत्रे त्याच्या हाती पडू लागतात. बँक, शिक्षणखाते किंवा देणगीदार यांचा पत्रव्यवहार त्यात आला. इतकेच नव्हे, तर ‘पासवर्ड विसरलो’ असे कळविले की नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा ईमेलवरच येतो. मग संस्थेची इतर खातीही त्या परक्या हाताला उघडतात. यावरून एक नियम निघतो. डोमेनच्या खात्याशी जोडलेला ईमेल त्याच डोमेनचा नसावा. तसा असेल तर नाव लुप्त होताच त्याची सूचना येणारी पेटीही लुप्त होते. म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवल्यासारखे झाले.

जागेच्या बाबतीत पुढील विवेक करावा. एक कंपनी सोडून दुसरीकडे जावयाचे झाल्यास नाव बदलावे लागत नाही. नाव कोणत्या पत्त्याकडे बोट दाखविते, एवढेच बदलावयाचे असते. परंतु जुना पत्ता ठिकठिकाणच्या यंत्रांच्या स्मरणात काही काळ राहतो, म्हणून नवी जागा चालू झाल्याची खात्री होऊन एक-दोन दिवस लोटल्याशिवाय जुनी सोडू नये. या बदलाच्या वेळी ‘एमएक्स’ ही नोंद विशेष तपासावी. संस्थेचे टपाल कोणत्या सर्व्हरवर उतरावे, हे तीच सांगते. ती लिहावयाची राहिली तर संकेतस्थळ झळकत राहते आणि पत्रे मात्र पोहोचत नाहीत.

पाठविलेल्या पत्रांसही ओळखपत्र लागते. पाकिटावर कोणाचेही नाव लिहिता येते, तसे ईमेलवरही कोणाचाही पत्ता घालता येतो. यावर उपाय म्हणून डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी लिहितात. ‘एसपीएफ’ म्हणजे या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे त्याची यादी. ‘डीकेआयएम’ म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी गुप्त मोहोर. ‘डीमार्क’ म्हणजे तपासणीत न टिकलेल्या पत्राचे काय करावे, याविषयी पत्र घेणाऱ्यास दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी या बाबतीत कडक धोरण अवलंबिले आहे. म्हणून ज्या शाळेची पत्रे पालकांच्या नको असलेल्या पत्रांच्या पेटीत जाऊन पडतात, तिने या नोंदी प्रथम पाहाव्यात.

सुरक्षिततेचा विचार कुलपापासून सुरू होतो. खात्याचा पासवर्ड दीर्घ असावा, तो अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा, आणि दुसऱ्या पायरीची ओळख, म्हणजे मोबाइलवर मिळणारा संकेतांक, अवश्य लावून ठेवावा. मदतनिसांस शक्य तेथे स्वतंत्र प्रवेश द्यावा, म्हणजे एकजण गेला असता सर्वांचे कुलूप बदलावे लागत नाही. डोमेनवरील हस्तांतराची अटकाव-खूण लावलेली असावी. संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालते तिच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. जुन्या, न वापरलेल्या जोडण्या या उघड्या राहिलेल्या खिडक्याच होत. वाचक व सर्व्हर यांच्यामधील मजकूर गुप्त ठेवणारे प्रमाणपत्र आज विनामूल्यही मिळते. तथापि त्याची मुदत अल्प असते, आणि ते आपोआप नवे होते की नाही याकडे लक्ष हवे. शिवाय अनोळखी कंपनीकडून येणारी, बिलासारखी दिसणारी नूतनीकरणाची पत्रे वरचेवर येत असतात. पैसे भरण्यापूर्वी आपली कंपनी कोणती, हे दप्तरात पाहावे.

एवढे करूनही अपघात घडतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या ते पुन्हा उभे राहिले. ज्यांचे मूळ व प्रत दोन्ही तेथेच होती, त्यांचे पुष्कळ काही कायमचे गेले. म्हणून पानांच्या व माहितीसंग्रहाच्या प्रती नियमाने उतरवून घ्याव्यात, त्या होस्टिंग कंपनीच्या बाहेर ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा तरी प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

या सर्व गोष्टींचा निष्कर्ष तंत्राचा नसून कारभाराचा आहे. श्रोत्यांपैकी जे कोणी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील, त्यांनी पुढील सभेत एक साधा ठराव मांडावा. डोमेनची नोंद संस्थेच्या नावे असावी. खात्याचा ईमेल संस्थेचा, पण दुसऱ्या डोमेनवरचा असावा, आणि तो किमान दोन पदाधिकाऱ्यांस उघडता यावा. संस्थेच्या दप्तरात एक पान राखून त्यावर नोंदणी करणारी कंपनी, जागा देणारी कंपनी, तिन्ही व्यवहारांच्या मुदती व शुल्क आणि प्रती कोठे आहेत, हे लिहावे. पासवर्ड मात्र त्या पानावर न लिहिता मोहोरबंद पाकिटात कपाटात ठेवावेत. नवी कार्यकारिणी निवडून आली की हिशेबाच्या वह्यांबरोबर हे पानही रीतसर सुपूर्द करावे, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत. ज्या तरुणाने संकेतस्थळ उभारले, त्याचे आभार अहवालात अवश्य मानावेत. किल्ल्या मात्र संस्थेकडे असाव्यात.